गाडी सोडून यावं बाजारात

मागच्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधी वारणानगरला खरेदीसाठी गेलो होतो. रवा, मैदा, डालडा, पणत्या आणि नातीसाठी आकाशकंदील घेऊन दुकानापुढच्या मोकळ्या जागेत लावलेली मोटार मागे घेत होतो. कंदिलाचा खोका मागच्या काचेपुढे ठेवलेला, त्यामुळे आरशात मागच्या जगापेक्षा खोकाच जास्त दिसत होता. तेवढ्यात डिकीवर धप् धप् अशा दोन थापा पडल्या. ब्रेक दाबून उतरलो. नऊवारीतली, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, एका हातात सामानाची जड पिशवी, दुसरा हात अजून डिकीवर. बंपर आणि तिचा गुडघा यांत वीतभर अंतर. चूक सर्वस्वी माझी होती. मी काही बोलणार तोच तिने मला ओळखले. तिचा धाकटा मुलगा माझ्या हाताखाली शिकला होता.

‘‘मास्तर हायसा व्हय? अवो, गाडी सोडून यावं बाजारात. जुपल्याली गाडी आत आणत्यात व्हय?’’

एवढे बोलून ती निघून गेली. रागावली असती तर बरे झाले असते. एकतीस वर्षे मी हायस्कुलात इतिहास शिकवला. मोटारीला कोणी ‘जुपलेली’ म्हटल्याचे मी कधी ऐकले नव्हते. घरी आल्यावर लक्षात आले की बाईने मला शिष्टाचार शिकवला नव्हता, एका जुन्या व्यवस्थेची आठवण करून दिली होती. त्या व्यवस्थेचा माग काढण्यात माझे वर्ष गेले.

मराठीत गाडीबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. बैलगाडी ‘जुंपायची’ आणि मुक्कामी ‘सोडायची’. मोटार आपण ‘काढतो’ आणि ‘लावतो’. सोडणे आणि लावणे यांत फरक आहे. सोडलेली गाडी म्हणजे शिवळा काढल्या, जुपण्या सोडल्या, जू जमिनीला टेकले, बैल बाजूला नेऊन चाकाला बांधले आणि पुढ्यात वैरण टाकली. ती गाडी आता गाडी राहिलीच नाही. ते लाकडाचे सामान झाले. ती कोणाच्या अंगावर जाऊ शकत नाही आणि तिच्या धन्याला मनात आले म्हणून लगेच हलूही शकत नाही. लावलेली मोटार मात्र किल्ली फिरवताच जिवंत होते. तिचे बैल बॉनेटखाली जुंपलेलेच असतात. बाईने नेमके तेच सांगितले होते.

आठवडी बाजाराच्या गावांत ही गाडी सोडण्याची जागा ठरलेली असे. बाजार भरे तो गावाच्या पेठेत किंवा देवळापुढच्या पटांगणात, आणि गाड्या सुटत त्या वेशीबाहेर, ओढ्याकाठी, चिंचेच्या किंवा वडाच्या सावलीत. पाणी आणि सावली बैलांसाठी लागे, म्हणून जागा तशी निवडलेली. पुण्याजवळच्या हडपसरात ‘गाडीतळ’ हे नाव आजही बसथांब्याला आहे, आणि आमच्या कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळचा ‘गाडी अड्डा’ अजून त्याच नावाने ओळखला जातो. आता तेथे पर्यटकांच्या मोटारी लागतात. सरकारी मराठीने पार्किंगला ‘वाहनतळ’ हा शब्द दिला तेव्हा त्यातला ‘तळ’ याच जुन्या तळावरून आला असावा असे मला वाटते. तळ म्हणजे जेथे उतरायचे, मुक्काम टाकायचा. जेथून घाईने मागे-पुढे करत बाहेर पडायचे ती जागा तळ नव्हे.

या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप होत असे. तळावर उतरलेला गाडीवान पुढच्या क्षणी पादचारी होई. शंभर पायलीचा शेतकरी असो की दहा पायलीचा, बाजारात सगळे पायीच. गर्दीत बैल आणावाच लागला, विकायचा असला तर, तर त्याचा धनी कासरा आखूड धरून बैलाच्या पुढे चाले. गुऱ्हाळाचा गूळ पेठेत उतरवायला भरलेली गाडी न्यावी लागे, तेव्हाही गाडीवान खाली उतरून बैलांच्या तोंडाशी चालत असे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. तेथे अशा शेकडो गाड्या येत. आमच्या गावातले एक नव्वदीचे गृहस्थ लहानपणी वडिलांबरोबर गूळ घेऊन तेथे गेले होते. त्यांना एक गोष्ट पक्की आठवते: पेठेत शिरताना वडील धुरेवरून खाली उतरत. ‘‘कुणी सांगितलेलं का?’’ असे मी विचारले. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी जेवताना हात का धुतात असे विचारले आहे.

इतके वाचून कोणाला वाटेल की हा मास्तर जुन्या काळाची आरती करणार. तसे नाही. आपल्याकडे वाहनाचा दुसराही एक इतिहास आहे, आणि तो बाजाराच्या बरोबर उलट आहे.

तो आहे पालखीचा, मेण्याचा आणि घोड्यावरच्या सवारीचा. तेथे पायी चालणाऱ्याने वाट द्यायची असते. पुढे चोपदार, ललकारी, ‘पोईस पोईस’ असे ओरडणारे भोई. वाट कोणी कोणाला द्यायची हे वाहनावरून, आणि त्याहून जास्त जातीवरून ठरे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतल्या अस्पृश्यांना रस्त्यावरून चालतानाही कोणत्या अटी पाळाव्या लागत, त्यांची सावली कोणावर पडू नये म्हणून काय काय करावे लागे, ते लिहून ठेवले आहे. रस्त्याच्या कडेला होणे, थांबणे, मान खाली घालणे हा कित्येक पिढ्यांचा धडा होता. गाडीवान खाली उतरून चालतो ही दर वेळी नम्रताच असते, असेही नाही. १९०१ मध्ये लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे निघाले, तेव्हा जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला तो या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बरोबर पायी चालेल. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हा प्रसंग आहे. येथे पायी चालणे हाच अपमान करण्याचा मार्ग होता.

या दुसऱ्या इतिहासाला छेद देणारे एक वाहन मात्र आमच्याच शहरात होते. राजर्षी शाहू महाराजांचा खडखडा. १९१९ मध्ये महाराजांनी संस्थानातले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, सरकारी इमारती अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम काढले. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले, पण तेथे चहा प्यायला कोण येणार? महाराज आपला खडखडा त्या हॉटेलापुढे थांबवीत, तेथला चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. ही गोष्ट आपण अस्पृश्यतानिवारणाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्यासाठी सगळ्यांनी वाट सोडायची तो छत्रपती भर रस्त्यात, दुकानापुढे, स्वतःचे वाहन थांबवतो. हुकूम वाचून लोकांना जे पटले नसते ते थांबलेल्या चाकांनी पटवले.

मोटार आली ती या दोन इतिहासांपैकी कोणाची वारस म्हणून आली? दुर्दैवाने सवारीची. प्रथम ती संस्थानिकांकडे, साहेबांकडे आणि बड्या व्यापाऱ्यांकडे आली. भोंगा हा तिचा चोपदार. आजही आपण ‘हॉर्न देतो’ असे म्हणतो. देण्याची ही भाषा मोठी गमतीची आहे. हॉर्न देणारा काहीतरी उपकार करतो, आणि घेणारा बाजूला होऊन तो फेडतो. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेले असते त्यात तरी मोठ्या वाहनाने लहानाकडून सूचना मागितलेली असते. बाजारात उलटे होते. पाठीमागून हॉर्न वाजतो आणि पिशवी घेतलेला माणूस अंग चोरून पळतो. हे पळणे मी नीट पाहिले आहे. ते भीतीने होते त्याहून जास्त संकोचाने होते. जणू वाटेत असणे ही त्याचीच चूक.

विलायतेतही सुरुवात वेगळीच होती. १८६५ च्या कायद्याप्रमाणे रस्त्यावरच्या वाफेच्या गाडीपुढे तांबडे निशाण घेऊन एक माणूस पायी चालवावा लागे. पुढे निशाणाची सक्ती गेली आणि १८९६ मध्ये पुढे चालणाऱ्या माणसाचीही. त्याच वर्षी १७ ऑगस्टला, हा बदल प्रत्यक्ष अंमलात येण्याआधीच, लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमधला पेट्रोल मोटारीने पादचाऱ्याचा झालेला हा पहिला मृत्यू मानतात. तो हमरस्त्यावर झाला नाही. क्रिस्टल पॅलेसच्या आवारात झाला. लोक मुलाबाळांसह सहलीला आले होते आणि तेथे मोटारींचे प्रात्यक्षिक चालू होते. आपण ताशी चार मैलांनीच जात होतो, असे चालकाचे म्हणणे होते. चार मैल म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. आवारात, सावकाश जाणाऱ्या गाडीने, फिरायला आलेल्या माणसाला. वारणानगरला माझ्या हातून जे होता होता राहिले त्याचे वर्णन करायला याहून वेगळे शब्द लागले नसते.

कायद्याने या आवारांचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. मुंबई इलाख्याने मोटारींसाठी १९०४ मध्ये कायदा केला, आणि १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा आला. कोल्हापूर संस्थान असल्याने तो येथे आपोआप लागू नव्हता. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तोवर १९३९ चा नवा कायदा आलेला होता. या कायद्यांत ‘सार्वजनिक जागा’ असा शब्द आहे, आणि तिची व्याख्या नुसत्या रस्त्यापुरती नाही. रस्ता, गल्ली, वाट ‘किंवा इतर जागा’, मग ती आरपार जाणारी असो वा नसो, जेथे लोकांना जाण्याचा हक्क आहे. १९३९ च्या आणि १९८८ च्या कायद्यात तर प्रवासी चढण्या-उतरण्याचा थांबाही त्यात घातला आहे.

हे ‘किंवा इतर जागा’ दिसते किरकोळ, पण त्यावर माणसांची भरपाई अडली. वाहनाचा सक्तीचा विमा ‘सार्वजनिक जागेत’ झालेल्या अपघातापुरता. मग कुंपणाच्या आत, कोणाच्या खासगी आवारात गाडीखाली माणूस सापडला तर? विमा कंपन्या म्हणत, ती सार्वजनिक जागा नव्हे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकाअखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे हा प्रश्न आला आणि न्यायालयाने व्यापक अर्थ घेतला: ज्या जागी लोकांना, कोणत्याही कारणाने, अगदी नियंत्रित स्वरूपात का होईना, प्रवेश आहे ती या कायद्यापुरती सार्वजनिक जागा. यानंतर दहाएक वर्षांनी, १९९८ मध्ये, इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की वाहनतळ हा साधारणपणे ‘रस्ता’ नव्हे, म्हणून तेथल्या अपघाताला सक्तीच्या विम्याचे संरक्षण नाही. मग २००० मध्ये त्यांना कायद्यात ‘किंवा इतर सार्वजनिक जागा’ हे शब्द घालावे लागले. आपल्याकडे ते आधीपासून होते. आपल्या कायद्याचे कौतुक करण्याची संधी क्वचित मिळते, म्हणून हे जरा लांबवले.

भरपाई झाली, पण वाट कोणाची? १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत पादचाऱ्याला पहिला हक्क दिला तो पोलीस किंवा सिग्नल नसलेल्या पादचारी पट्ट्यांवर. पट्टे नसतील तर काय, हे चालकाच्या मनावर. २०१७ मध्ये त्या जागी नवे नियम आले. त्यांत पादचारी, सायकलवाले, मुले, वृद्ध आणि अपंग यांची चालकाने विशेष काळजी घ्यावी असे स्पष्ट लिहिले आहे. ते अपेक्षेच्या भाषेत आहे, मोजपट्टीच्या नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. हा सरकारी अहवाल रस्त्यांची विभागणी राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग आणि इतर रस्ते अशी करतो. दुकानापुढच्या आवाराला स्वतंत्र रकाना नाही.

आता वारणानगरकडे येतो, कारण हा सगळा गुंता एका जागी पाहायला मिळतो तो तेथेच. पन्हाळा तालुक्यात, कोडोलीला लागून असलेल्या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो १९५० च्या दशकाअखेर. १९६८ मध्ये दूध संघ आला. शाळा, महाविद्यालये आली, आणि सत्तरच्या दशकात ग्राहकांची सहकारी संस्था ‘वारणा बाजार’ आली. किराणा, कापड, भांडी एका छपराखाली मिळणारे, खेड्यातल्या माणसाचे मोठे दुकान. ग्रामीण भागातले असे आशियातले पहिलेच, असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. मुंबई-दिल्लीत मॉल आले ते १९९९ च्या सुमारास. म्हणजे मोठ्या दुकानापुढच्या आवारात माणसे आणि वाहने एकत्र येण्याचा अनुभव आमच्या लोकांना शहरी लोकांच्या वीसेक वर्षे आधीचा आहे. १९९८ मध्ये येथल्या ७० गावांत संगणक केंद्रे काढण्याचा प्रकल्प झाला तेव्हा देशभरातले लोक ‘वायर्ड व्हिलेज’ पाहायला आले. बाजारापुढच्या आवाराकडे पाहायला कोणी आले नाही.

या दुकानाचे एक वैशिष्ट्य मॉलला नाही. त्याचा मालक गिऱ्हाईकच आहे. आवारात बोलेरोतून उतरणारा सभासद आणि पायी पिशवी घेऊन आलेली सभासद यांचे मत एकच. वार्षिक सभेत दोघांचा हात एकसारखाच मोजला जातो. सहकाराचा हा पायाभूत नियम आहे: शेअर कितीही असोत, मत एक. सभागृहाच्या दारापर्यंत आपण तो पाळतो. दाराबाहेर, मोटारीत बसल्यावर, तो नियम किती राहतो हे पाहण्यासाठी यंदा मी काही संध्याकाळी परिसरातल्या वेगवेगळ्या दुकानांपुढे कट्ट्यांवर जाऊन बसलो. घरच्यांनी याची यथेच्छ चेष्टा केली.

पाहिले ते असे. थांबणारे चालक असतात, वाटतात त्याहून पुष्कळ. ते हाताचा तळवा किंचित उचलून ‘जावा’ अशी खूण करतात. पायी जाणारा माणूस मात्र त्या खुणेवर विश्वास ठेवत नाही. तो दोनदा पाहतो, मग पळतो. थांबलेल्या चालकाला पहिला त्रास होतो तो पादचाऱ्याकडून नव्हे, पाठीमागच्या गाडीकडून. मागचा हॉर्न वाजवतो. त्याला पुढे कोण चालले आहे ते दिसत नाही, पुढची गाडी उगाच उभी आहे एवढेच दिसते. सौजन्याची शिक्षा अशी मागून येते, आणि दोन-तीनदा ती मिळाल्यावर चांगला चालकही थांबायचे सोडतो. मोटारसायकलवाल्यांचा प्रकार वेगळा. ते थांबत नाहीत, पण पाय टेकवून सरकतात आणि ‘काकू, सरका जरा’ असे तोंडाने म्हणतात. त्यांचे तोंड उघडे असते, नजर नजरेला मिळते, म्हणून ते अर्धे पादचारीच. मोटारीची काच वर केली की हे संपते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली ती गुन्हे रोखण्यासाठी. पण आत बसलेला माणूस मला पाहतो आहे की नाही हे बाहेरच्या बाईला कळावे, हाही तिचा फायदा आहे. संध्याकाळी हेडलाइट लागले की तोही जातो.

या सगळ्यात एक जुनी पद्धत मला टिकून असलेली दिसली, आणि ती जड वाहनांत. हंगामात ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर मागे घेताना कोणीतरी खाली उतरतोच. ट्रॉलीच्या फळीवर तळवा आपटत, ‘‘येऊ दे, येऊ दे… बास!’’ असे ओरडत तो मागे चालतो. एस.टी.च्या स्थानकात बस मागे घेताना वाहक उतरून शिट्टी वाजवतो. एका निवृत्त वाहकाने मला सांगितले, ‘‘मागं घेताना गाडी ड्रायव्हरची नसती, माझी असती. मी बास म्हटलं की बास.’’ पेठेत शिरताना धुरेवरून उतरणारा गाडीवान येथे जिवंत आहे. मोठ्या गाडीच्या मालकाला हे जमते, कारण तिला दोन माणसे लागतात. मोटारीत मी एकटाच गाडीवान, एकटाच वाहक, आणि आरशात आकाशकंदिलाचा खोका.

मॉलची कल्पना ज्याने अमेरिकेत रुजवली तो व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. मोटारींनी गजबजलेल्या शहरांत लोकांना निवांत पायी फिरता यावे, भेटता यावे, म्हणून त्याने छताखालचा बाजार कल्पिला. १९५६ मध्ये मिनेसोटात ‘साउथडेल’ उभे राहिले. आत लोक पायी चालले खरे, पण आत पोचण्यासाठी भोवती मोटारींचे मैदान पसरले. ग्रुएनने पुढे त्या मॉल्सचे पितृत्वच नाकारले. त्याचा बाजार आतून आमच्या आठवडी बाजारासारखा होता. चुकला तो तळ. तळ बाजारापासून दूर, सावलीत असावा, आणि तेथून येताना सगळ्यांनी चालावे, एवढी साधी गोष्ट. ती आमच्या अडाणी पूर्वजांना बैलांच्या पाण्यासाठी करावी लागली आणि फायदा माणसांचा झाला. हेतू नसताना घडलेली चांगली गोष्ट हेतू नसतानाच मोडते. बैल गेले, त्यांच्या पाण्याची गरज गेली, आणि तिच्याबरोबर तळही बाजाराच्या दारात आला.

म्हणून चालकांना सौजन्याचे फलक लावून सांगितले तर ते सुधारतील, असे मला फारसे वाटत नाही. माझ्या गावातला तो गूळवाला शेतकरी माझ्याहून सज्जन होता असे मानायला आधार नाही. त्याला उतरावे लागे, मला लागत नाही. दुकानाच्या दारापासून शंभर पावलांवर गाड्या अडवल्या, मधल्या जागेत झाडे लावली आणि म्हाताऱ्या-अपंगांपुरती वाट दारापर्यंत ठेवली, तर पाच वर्षांनी तिथले लोक कोल्हापूर जिल्ह्यातले सर्वांत सौजन्यशील चालक म्हणून प्रसिद्ध होतील. हे लिहिताना माझे गुडघे दुखतात, हेही नमूद करतो. दारापर्यंत गाडी नेण्याचा मोह मला अजून होतो.

श्रावणात पुन्हा खरेदीला गेलो तेव्हा मोटार अलीकडेच, रस्त्याकडेच्या झाडाखाली लावली. छत्री उघडून चालत आवारात शिरलो तर समोरून तीच बाई, हातात तशीच पिशवी, एस.टी. गाठायच्या घाईत. मला पायी पाहून थांबली.

‘‘सोडलीसा व्हय गाडी?’’

‘‘सोडली,’’ मी म्हणालो.

‘‘मग धरा की जरा ही.’’ तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि पदर खोचला. पाच किलो तांदूळ आणि वर काहीतरी असावे. आम्ही थांब्याकडे निघालो तेवढ्यात उजवीकडून एक जीप मागे येऊ लागली. माझे दोन्ही हात अडकलेले. बाई दोन पावले पुढे झाली आणि तिने डिकीवर सणसणीत थाप मारली.